सुतकात मागितलेलं पुस्तक

दादा मंगळवारी सकाळी गेले. घरात यजमान उतरले होते आणि गॅसवर पुरण शिजत होतं. वहिनींनी गॅस बंद केला. यजमानांनी पिशव्या उचलल्या आणि ते पलीकडच्या गल्लीतल्या पुजाऱ्यांकडे गेले. पुरण गाईला घातलं. दादांना दोन मुली, मुलगा नाही. अग्नी मी, धाकट्या भावानं, दिला.

आमचं घर तुळजापुरातलं, पुजाऱ्याचं. इथं देवीच्या दर्शनाला येणारी पुष्कळ कुटुंबं आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याकडे उतरतात; त्यांना आम्ही यजमान म्हणतो. आजोबांच्या वेळी जे येत, त्यांची नातवंडं आता येतात. आम्ही त्यांची पूजा करून देतो, नैवेद्य रांधतो, आंघोळीला पाणी तापवतो, झोपायला सतरंज्या घालतो. जाताना ते चोपडीत आपली नावं लिहून जातात. अशा घराला बोलणारा माणूस लागतो, आणि दादा तसे होते. शंभर माणसांत कुणाची सून बाळंतीण आहे आणि कुणाच्या म्हाताऱ्याला पायऱ्या चढवत नाहीत, हे त्यांना चोपडी न उघडता माहीत असायचं. यजमानांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की त्यांचा आवाज सुरू व्हायचा, तो गाडी परत हायवेला लागेपर्यंत थांबत नसे.

मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी धाकटा. माणसं आली की मी पुस्तक घेऊन माळ्यावर जायचो. वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हे आवडत नसे. पण दादांनीच त्यांना सांगितलं, "राहू द्या त्याला. म्या हाय की पूजेला." दादांची शाळा आठवीत सुटली होती. मी सोलापूरला कॉलेज केलं, परत आलो आणि गावातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथं सांगण्यासारखी नाहीत, आणि फार मोठीही नाहीत.

सहा वर्षं मी एक कादंबरी लिहीत होतो. ती आमच्या आत्यावर आहे. आत्याला आळंदच्या बाजूला दिलं होतं, कर्नाटकात. बाविसाव्या वर्षी ती एक ट्रंक घेऊन परत आली आणि मरेपर्यंत आमच्याकडेच राहिली. का आली ते तिनं सांगितलं नाही आणि आबांनी विचारू दिलं नाही. तिनं चाळीस वर्षं यजमानांसाठी पुरण वाटलं. आमच्या दारातून रोज माणसं देवीला जात. आत्या स्वयंपाकघरातून क्वचितच बाहेर पडायची. पाट्याशी बसून ती मला सासरच्या गावच्या गोष्टी सांगायची, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत. तिथल्या विहिरीबद्दल, एका आंधळ्या सासऱ्याबद्दल, दारातल्या चाफ्याबद्दल. त्या गोष्टींत ती स्वतः कधी नसे. ती नसलेली जागा मी लिहायला घेतली. सकाळी सात ते साडेनऊ, वाचनालय उघडायच्या आधी, लिहायचो. सोलापूरला एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं तेव्हा चारशे बारा पानं झाली.

त्यानंतर तीन वर्षं मी प्रकाशक शोधत होतो.

पोस्टातल्या बाईंना माझं पाकीट ओळखीचं झालं होतं. "परत आलं का हो?" असं त्या मायेनंच विचारायच्या. काही ठिकाणांहून छापील पत्र यायचं की यंदाची योजना पूर्ण झाली आहे. बऱ्याच ठिकाणांहून काहीच यायचं नाही. एकानं फोन करून लेखकाचा सहभाग किती असेल असं विचारलं. तो सहभाग म्हणजे छपाईचा सगळा खर्च आहे, हे मला तिसऱ्या मिनिटाला कळलं.

एकदा मी पुण्याला स्वतः गेलो. निघताना दादांनी पिशवीत प्रसाद आणि कुंकवाच्या पुड्या घातल्या. मी नको म्हणत होतो. "मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जातोस व्हय? घे गप," म्हणाले. तिथं तीन तास बसल्यावर आतून एक गृहस्थ आले आणि उभ्यानंच विचारलं, "कुठून आलात?"

"तुळजापूरहून."

"अरे वा!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग प्रसाद वगैरे आणलाय की नाही?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, दोन्ही हातांनी पुडी घेतली, कपाळाला लावली. आतल्या लोकांना हाका मारून त्यांनी सगळ्यांना कुंकू दिलं. माझं बाड त्यांनी जमिनीवरच्या गठ्ठ्यावर ठेवलं. त्या गठ्ठ्याच्या वरच्या कागदावर चहाचा गोल डाग होता. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्यांच्या मेहुण्यांना अभिषेक करायचा होता.

हे मी घरी सांगितलं तेव्हा दादा हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "आता कळलं का, पोट कशावर चालतं आपलं?" मीही हसलो. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आमच्या यजमानांमध्येच एक प्रकाशक होते. पुण्याचे, मोठे, जुन्या घराण्यातले. त्यांचे आजोबा आमच्या आजोबांकडे उतरत असत. ते दर मार्गशीर्षात सहकुटुंब येत, दादांच्या शेजारी पाटावर बसून जेवत आणि चोपडीत शाईच्या पेनानं सही करत. दादांनी एक शब्द टाकला असता तर काम होण्यासारखं होतं.

दादांजवळ मी हे काढलं तेव्हा ते ओट्यावर नारळ सोलत होते.

"दादा, ते दरवर्षी आपल्याकडं येतात. एकदा सांगून तर बघा."

"सांगतो की. दर साली सांगतो. आमचा धाकटा लई वाचतो, लिहितो, घरच्या कामाला मातुर उपेगाचा न्हाय."

"तसं नाही. छापाल का म्हणून विचारा."

त्यांनी नारळ खाली ठेवला. "ते न्हाय इचारायचं."

"का?"

"आबांनी सांगितलेलं हाय. यजमानानं दिलं तर घ्यायचं. आपून मागायचं न्हाय. गाऱ्हाणं घिऊन ते येतात, आपून न्हाय."

"ही भीक नाही दादा. पुस्तकं छापणं हा धंदा आहे त्यांचा."

"आसंल. माझ्या ओट्यावर ते धंद्याला येत न्हाईत."

मी म्हणालो, "तुम्हाला वाचायचं नसतं, म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही."

दादा उठले. चपला घालून देवळाकडे गेले. त्या वर्षीचं सगळं नवरात्र आम्ही एकमेकांशी कामापुरतंसुद्धा बोललो नाही. वहिनी मध्ये. "त्यांना इचारा, नारळ किती," "त्यांना सांगा, वीस." पाचव्या माळेला वहिनींनी दोघांसमोर ताटं आदळली. "म्या काय पोस्टमन हाय व्हय तुमच्या दोघांत?" तेव्हा दादांना हसू आलं, पण ते माझ्याकडे न बघता हसले.

पुढच्या उन्हाळ्यात दादांच्या मूत्रपिंडांचं निघालं. आठवड्यातून दोनदा सोलापूरला डायलिसिस. वहिनींच्या अंगावर घर आणि यजमान, त्यामुळे बरोबर मी जायचो. सकाळच्या एसटीनं निघायचं, चार तास मशीनजवळ बसायचं, संध्याकाळी परत. मी वेळ घालवायला बाड घेऊन जायचो आणि मांडीवर ठेवून चुका काढायचो.

एका दिवशी दादा म्हणाले, "मनात काय वाचतोस? मोठ्यानं वाच. मलाबी दुसरं काय काम न्हाय."

मला लाज वाटली. पलीकडच्या खाटेवर एक मास्तर होते, नर्स येत-जात होती. तरी वाचायला लागलो. पहिलं प्रकरण आत्या ट्रंक घेऊन एसटीतून उतरते त्याचं. दादा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. पान उलटताना मी थांबलो तर म्हणाले, "मग? पुढं?"

असं कुणी मला कधी विचारलं नव्हतं. लिहायला लागल्यापासून मी ज्या शब्दाची वाट बघत होतो तो हाच असावा, आणि तो मला ज्या माणसाकडून अपेक्षित नव्हता त्याच्याकडून मिळाला. मी त्यांना तीन आठवड्यांत तीन प्रकरणं वाचून दाखवली. तिसरं संपलं तेव्हा दादा उशीवर जरा वर सरकले.

"लिहितोस बरं," म्हणाले. "पर ही आत्या न्हाय."

"कादंबरी आहे दादा. जशीच्या तशी नसते."

"नसंना का. पर तिला राग कुठाय? तुझी आत्या नुसती सोसतीया, डोळे पुसतीया. आपली आत्या पुरण वाटताना रडायची व्हय? शिव्या घालायची, कानडीत. नवऱ्याला, सासूला, आबांना. एकदा तर देवीलाबी. म्या समोर बसून ऐकल्यात. मी नारळ द्यायला जायचो तवा." त्यांनी डोळे उघडले. "तू माळ्यावर होतास."

मी बाड मिटलं. मास्तर पलीकडून म्हणाले, "एखादी सांगा की हो शिवी," आणि दादांनी त्या आठवून आठवून सांगितल्या. इथं लिहिण्यासारख्या नाहीत. नर्स कानडी मुलखातली होती, ती तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली. मी पानांच्या पाठीमागे भराभर टिपून घेत होतो. दादांना धाप लागली तरी ते सांगत होते. आत्या का परत आली तेही त्यांना थोडं माहीत होतं. "पुढच्या खेपेला सांगतो," म्हणाले. "आज दमलो."

पुढच्या खेपेला त्यांना ताप होता. त्याच्या पुढच्या खेपेला मी विचारलं नाही, कारण त्या दिवशी परत येताना एसटीत त्यांनी दुसरीच गोष्ट काढली.

"ह्या मार्गशीर्षात पुण्याचे यजमान येतील. पोराचं लगीन झालंय त्यांच्या, जोडी घिऊन येणार, गोंधळ घालायचाय. तवा इचारतो त्यांना तुझ्या पुस्तकाचं."

"आबांनी नाही म्हटलंय ना?"

"आबा वर गेलेत. मीबी जायचोच. गेल्यावर सांगतो त्यांना, धाकट्यासाठी मोडलं म्हणून. दोन शिव्या खाईन. आत्याबी आसंलच तिथं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला आनंद झाला होता. हे लिहायलाच हवं, कारण बाकी सगळं त्यातून निघालं. यजमानांनी फोन करून तारीख कळवली. दादांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. त्यानंतर त्यांच्या पायावर सूज आली की मी कॅलेंडरकडे बघायचो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बोलायला सुरुवात केली तेव्हाही मनात आधी तीच तारीख आली. आत्याचं राहिलेलं ऐकायचं आहे हे मला त्या दिवसांत सुचलंही नाही.

त्या तारखेच्या सहा दिवस आधी दादा गेले.

सुतकात पुजाऱ्याला देवळाची पायरी चढता येत नाही. यजमानाला घरात घेता येत नाही, त्याच्यासाठी रांधता येत नाही. अशा वेळी येणाऱ्यांना फोन करून कळवायचं आणि दुसऱ्या घराण्यातल्या पुजाऱ्याच्या हवाली करायचं, अशी रीत आहे. तिसऱ्या दिवशी वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या अवस्थेतही त्यांनी मला विचारलं, "भावजी, पुण्याच्या यजमानांना कळवलं का?"

"कळवतो," मी म्हणालो.

नंबर माझ्याकडे होता. मी कळवलं नाही. चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

सहाव्या दिवशी सकाळी दहाला त्यांच्या दोन गाड्या गल्लीच्या तोंडाशी थांबल्या. यजमान पुढे, त्यांच्या पत्नी, मागे मुलगा आणि नवी सून, हातात हिरवा चुडा. मी उंबऱ्याच्या आत उभा होतो. केस काढलेले, अंगावर पंचा. त्यांनी मला बघितलं आणि त्यांचे पाय तिथंच थांबले. मधली गल्ली आठ-दहा फुटांची. नव्या जोडप्याला सुतकाच्या घरात आणता येत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. बाईंनी सुनेला हाताला धरून पाठीमागे घेतलं.

"कोण?" त्यांनी पलीकडूनच विचारलं.

"दादा. मंगळवारी."

"अरे देवा. पण मग... आम्हाला फोन..."

"राहून गेला," मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले. ते रडणं खरं होतं. माझ्या दादांवर त्यांचा जीव होता. "लहानपणी त्यांनी मला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरवल्यात हो," असं ते म्हणाले, जे हिशेबात बसत नव्हतं, कारण ते दादांहून मोठे होते; त्यांच्या मनात बहुधा आबा असावेत. मी दुरुस्त केलं नाही. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतले पुजारी लगबगीनं आले. दादांचे बालमित्र. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली. मी कळवलं नव्हतं हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण ते यजमानांना म्हणाले, "चला साहेब, माझ्याकडं चला. पाणी तापलंय, आंघोळी करून घ्या. त्यांनीच सांगून ठेवलंय मला, माझे यजमान आले तर उपाशी सोडू नको म्हणून." हे खोटं होतं. दादांनी सांगितलं असतं तसलंच खोटं होतं ते.

यजमान वळले. मग पुन्हा माझ्याकडे फिरले आणि जे अशा वेळी सगळेच म्हणतात ते म्हणाले, "काही लागलं तर सांगा हं. संकोच करू नका."

"माझी एक कादंबरी आहे," मी म्हणालो.

मला वाटतं, त्यांना आधी कळलंच नाही. नवी सून सासूच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. पलीकडच्या गल्लीतले पुजारी जमिनीकडे बघत होते. आतून वहिनींच्या बांगड्यांचा आवाज आला. म्हणजे बांगड्यांचा नव्हता, त्या तर काढल्या होत्या. भांड्याचा असेल. मी बोलत राहिलो. चारशे बारा पानं आहेत, टाइप केलेली आहेत, आत्यावर आहे, दादा तुम्हाला विचारणारच होते.

यजमानांनी हात जोडले. "दिवस झाले की पाठवून द्या," म्हणाले.

सुतकाच्या घरून निघताना कुणी येतो म्हणत नाही आणि घरचाही या म्हणत नाही. ते तसेच गेले. मी आत आलो तेव्हा वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही पुतण्या मात्र बघत होत्या.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी मी पाकीट पोस्टात टाकलं. पोस्टातल्या बाईंनी माझं डोकं बघून काही विचारलं नाही.

तीन वर्षांत मला इतक्या लवकर उत्तर कुणी दिलं नव्हतं. आठव्या दिवशी यजमानांचा फोन आला. आवाजात तीच माया. "काढू आपण," म्हणाले. "दादांच्या स्मरणार्थ काढू. पहिल्या पानावर त्यांचा मोठा फोटो, हार घातलेला नको, हसरा बघून पाठवा. पुढच्या मार्गशीर्षात आलो की पहिली प्रत देवीच्या पायावर ठेवू."

मग मी विचारलं, "तुम्ही वाचलीत?"

"अहो, वाचायचं काय त्यात? तुमच्या घरातून आलंय. देवीची महती असणारच. आमच्याकडून सेवा समजा."

माझ्या कादंबरीत देवीची महती नाही. आत्याला देवळात जायला फुरसत नसे. दादांच्या म्हणण्याप्रमाणे तर ती देवीलाही शिव्या द्यायची. पण मला त्या क्षणी त्याचं वाटलं नाही. मला आबांचं ऐकू आलं, जे मी आयुष्यभर एक जुनाट नेम म्हणून बाजूला ठेवलं होतं. यजमानाकडे मागायचं नाही, कारण तो आपल्याला नाही म्हणू शकत नाही. आपण मागतो तेव्हा त्याला आपल्या पाठीमागे देवी उभी दिसते. पुण्याच्या त्या दुसऱ्या कचेरीत बाड गठ्ठ्यावर टाकणाऱ्या माणसाला निदान नको म्हणायची मोकळीक होती. ह्यांना मी तीही ठेवली नव्हती. सहाव्या दिवशी, मुंडण केलेल्या डोक्यानं, त्यांच्या नव्या सुनेसमोर मागितलं होतं. ते माझ्या हातची चार कोरी पानंसुद्धा छापायला तयार झाले असते.

तीन दिवस गेले. मग वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"छापतायत ना? मग छापू द्या. दिलेलं घ्यावं म्हणायचे तुमचे दादा."

"दिलेलं घ्यावं. हे मी मागितलं वहिनी."

"मग मागितलं कशाला?" त्यांचा आवाज चढला. दादा गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या. "सहा दिवस झालते त्यांना जाऊन. सहा. मला तवा अन्न जात नव्हतं, आन् तुम्ही दारात उभं राहून पुस्तक मागितलं. आता मिळतंय तर नको म्हणता? मग ते कशासाठी केलं?"

मी त्यांच्यासमोरून उठलो.

मी यजमानांना पत्र लिहिलं. फोनवर मला जमलं नसतं. हस्तलिखितात काम बाकी आहे, कृपया परत पाठवावं, एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं ते. मला मनातून वाटत होतं की ते फोन करतील, विचारतील, काय बाकी आहे, आम्हाला तर आवडलं. मी पंधरा दिवस फोन हातापासून दूर ठेवला नाही. पार्सल आलं. वर माझं बाड, त्याची दोरी मी बांधली होती तशीच, माझीच गाठ. खाली एक हिरवी पैठणी, खण, नारळ, आणि चिठ्ठी. काही चुकलं असल्यास क्षमा असावी. आमच्या वतीनं देवीची ओटी भरावी आणि आमच्या मुलांवर कृपा ठेवायला सांगावं.

ते घाबरले होते. माझ्या पत्रानं त्यांना आपण देवीच्या घरचं काही दुखावलं असं वाटलं होतं. आमच्या घरावर तीन पिढ्यांत कुठल्या यजमानाला असं घाबरवायची वेळ आली नव्हती. मी आंघोळ केली, पैठणी आणि खण घेतले आणि देवळात गेलो. तोवर मी पूजेत कधी उभा राहिलो नव्हतो. संकल्प सांगताना त्यांची नावं मला चोपडीत बघून लिहून न्यावी लागली.

त्याच्यानंतर कादंबरी पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. पानांच्या पाठीमागे दादांनी सांगितलेल्या शिव्या होत्या. त्या मी आत्याच्या तोंडी घालून बघितल्या. त्या तिथं उसन्या आणलेल्या दिसतात. शिवी देण्याआधी ती कुणाकडे बघायची, नंतर हसायची की पुरणात आणखी वेलदोडा घालायची, हे दादांनी बघितलं होतं. ते मी विचारलं नाही. सासर सोडून का आली तेही विचारायचं राहिलं, आणि ते का राहिलं हे वर लिहिलं आहे. तिसऱ्या प्रकरणापासून पुढे मी आता एक पान वाचू शकत नाही. वाचायला लागलो की त्या मशीनचा आवाज आणि दादांचं "पर ही आत्या न्हाय" एवढंच ऐकू येतं. दुसऱ्या कुठल्या प्रकाशकाकडे पाठवावं असं मित्र म्हणतात. जी चूक मला माहीत आहे ती पाकिटात घालून कुणाला पाठवू?

वाचनालय मी सोडलं. घराला पूजा करणारं माणूस हवं होतं, पुतण्या शिकतायत. मला दादांसारखं बोलता येत नाही. यजमान येतात, जेवतात, दादांची आठवण काढतात, माझ्याशी दबकून बोलतात. काहींनी दुसरे पुजारी धरले. पुण्याचे यजमान मात्र येतात. गेल्या मार्गशीर्षात त्यांनी कडेवर नातू आणला होता. मी पूजा केली, वहिनींनी पुरणपोळी वाढली. ते माझ्या पाया पडले. मी लहान, त्यांनी माझ्या पाया पडायला नको होतं, पण पुजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. कादंबरीचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. चोपडीत त्यांनी नातवाचं नाव घातलं.

कादंबरी छापलेली नाही. तिची एक प्रत घरात आहे. तिची तीन प्रकरणं दादांनी ऐकली होती. बाकीची कुणी वाचलेली नाहीत.